अमेरिकी विद्यापीठाच्या ट्यूटरिंग सेंटरमधील नोकरी : नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत शिकायला आलेला विद्यार्थी कॅम्पसवर काम शोधू लागला की वरच्या वर्गातले मित्र त्याला बहुधा डायनिंग हॉल, ग्रंथालय आणि व्यायामशाळेचा काउंटर ही ठिकाणे सुचवतात. विद्यापीठाच्या ट्यूटरिंग सेंटरचे नाव क्वचितच निघते. प्रत्येक विद्यापीठात या केंद्राची पाटी वेगळी असते : कुठे लर्निंग सेंटर, कुठे अकॅडमिक सपोर्ट सेंटर, कुठे स्टुडंट सक्सेस सेंटर, आणि लेखनाच्या मदतीसाठी बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र रायटिंग सेंटर. कामाचे स्वरूप मात्र सगळीकडे साधारण सारखेच असते. गणित, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग, अर्थशास्त्र अशा विषयांत अडलेल्या विद्यार्थ्यांना, तोच विषय आधी चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी मदत करतात. मदत घेणाऱ्याला त्यासाठी सहसा वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत आणि मदत करणाऱ्याला विद्यापीठ तासाप्रमाणे वेतन देते.

महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे गणित आणि विज्ञान पक्के असते, बारावीत असताना शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेतलेल्या असतात, आणि त्यामुळे हे काम आपल्याला सहज मिळेल असे त्यांना वाटते. विषय येतो हे खरे, पण अडचण दोन वेगळ्याच ठिकाणी येते. एक म्हणजे व्हिसाचे आणि कागदपत्रांचे नियम. ते न पाळल्यास नोकरीच काय, शिक्षणही धोक्यात येते. दुसरी म्हणजे आपल्याकडच्या क्लासमध्ये मुरलेली शिकवण्याची सवय, जी या केंद्रात जवळजवळ दोष मानली जाते. पुढील मांडणी सत्राच्या वेळापत्रकाप्रमाणे, म्हणजे ज्या क्रमाने ही कामे करावी लागतात त्या क्रमाने केली आहे.

आधी वीस तासांचा नियम

एफ-१ विद्यार्थ्याला कॅम्पसवर काम करण्यासाठी इमिग्रेशन खात्याची वेगळी परवानगी लागत नाही आणि पहिले वर्ष पूर्ण होण्याची वाटही पाहावी लागत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि विद्यापीठाच्या अधिकृत सुट्टीत पूर्णवेळ काम करता येते, मात्र सुट्टीनंतरच्या सत्रात शिक्षण चालू ठेवण्याचा इरादा असला पाहिजे. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्ग सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी काम सुरू करता येत नाही.

या नियमात नवखे विद्यार्थी हमखास फसतात ते एका मुद्द्यावर : २० तासांची मर्यादा प्रत्येक नोकरीला नसून कॅम्पसवरच्या सगळ्या नोकऱ्यांना मिळून आहे. ग्रंथालयात १२ तास आणि ट्यूटरिंग सेंटरमध्ये १० तास असे काम केले, तर दोन्ही विभागांच्या हिशेबात काही चूक दिसणार नाही, पण विद्यार्थ्याचे २२ तास भरतील आणि नियमभंग होईल. एम.एस. करणाऱ्या ज्या विद्यार्थ्याला विभागाकडून २० तासांची टीचिंग असिस्टंटशिप मिळाली आहे, त्याला सत्राच्या काळात ट्यूटर म्हणून एकही तास उरत नाही. आठवडा कोणत्या वारापासून मोजला जातो हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधीच विचारून घ्यावे, आणि परीक्षेच्या दिवसांत एखाद्या सहकाऱ्याची पाळी घेण्यापूर्वी स्वतःचे तास मोजावेत. मी तर १८ तासांवरच थांबण्याचा सल्ला देईन, कारण दिवसाचे शेवटचे ट्यूटरिंगचे सत्र लांबते, विद्यार्थी उठत नाही, आणि नोंदवहीत अर्धा तास वाढतो.

याच्याच जोडीला एक सक्त सूचना. ट्यूटर म्हणून नाव झाले की एखादा विद्यार्थी किंवा त्याचे पालक खासगी शिकवणीसाठी रोख पैसे देऊ करतात. हे काम कॅम्पसच्या आवारात बसून केले तरी ते विद्यापीठाच्या नोकरीत मोडत नाही. ते विनापरवाना काम ठरते, आणि विनापरवाना कामामुळे गेलेला एफ-१ दर्जा पुन्हा मिळवण्याचा नेहमीचा मार्गही बंद होतो. असा प्रस्ताव आला तर नम्रपणे नाही म्हणावे आणि केंद्राची वेळ घ्यायला सांगावे.

कोणकोणती कामे असतात

केंद्राच्या जाहिरातींत चार प्रकारची पदे प्रामुख्याने दिसतात. पहिले पद पीअर ट्यूटरचे. यात कधी वेळ ठरवून एका विद्यार्थ्याबरोबर अर्धा ते एक तास बसायचे असते, तर कधी ड्रॉप-इन टेबलावर जो येईल त्याला मदत करायची असते. दुसरे रायटिंग कन्सल्टंटचे. यासाठी इंग्रजी मातृभाषा असावी लागते असा आपल्या विद्यार्थ्यांचा समज असतो, पण तशी अट सहसा नसते, आणि इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकलेला सल्लागार अनेक परदेशी विद्यार्थ्यांना जास्त जवळचा वाटतो.

तिसरे पद सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन लीडरचे, ज्याला सगळे ‘एसआय लीडर’ म्हणतात. ही पद्धत १९७३ मध्ये कॅन्सस सिटीतील मिसुरी विद्यापीठात डिआना मार्टिन यांनी सुरू केली. तिच्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे : मदत ‘कच्च्या’ विद्यार्थ्याला न जोडता अवघड विषयाला जोडायची. ज्या विषयात डी किंवा एफ श्रेणी मिळवणाऱ्यांचे आणि मध्येच विषय सोडणाऱ्यांचे प्रमाण नेहमी मोठे असते, असा विषय निवडायचा आणि त्या वर्गातल्या सगळ्यांसाठी दर आठवड्याला सामूहिक अभ्याससत्रे ठेवायची. त्यामुळे तिथे जाणाऱ्यावर ‘ढ’ असल्याचा शिक्का बसत नाही. एसआय लीडर स्वतः तो विषय आधी उत्तीर्ण झालेला असतो, तरीही प्राध्यापकांच्या व्याख्यानांना पुन्हा बसतो, टिपणे काढतो आणि मग सत्रे घेतो. व्याख्यानाला बसण्याचे तासही सामान्यतः पगारात धरले जातात आणि म्हणूनच ते २० तासांतही मोजले जातात.

चौथे पद स्वागतकक्षातील सहायकाचे. आलेल्या विद्यार्थ्याची नोंद करणे, वेळा देणे, ट्यूटर आला नाही तर दुसऱ्याची सोय करणे असे हे काम असते आणि त्याला कोणत्याही विषयातील श्रेणीची अट नसते. पहिल्याच सत्रात आलेल्या विद्यार्थ्याने याकडे कमीपणाने पाहू नये. केंद्र कसे चालते, कोणत्या विषयाला ट्यूटर कमी पडतात आणि कोणत्या दिवशी गर्दी होते, हे काउंटरवर बसणाऱ्याला व्यवस्थापकाइतकेच कळते, आणि पुढच्या सत्रात ट्यूटर निवडताना ओळखीचा चेहरा आधी आठवतो.

कोणत्या विषयासाठी अर्ज करावा

बहुतेक केंद्रांची अट अशी असते की ज्या विषयात शिकवायचे तो विषय त्याच विद्यापीठात घेतलेला असावा, त्यात ए किंवा किमान बी श्रेणी मिळालेली असावी आणि त्या विषयाच्या प्राध्यापकांची शिफारस असावी. त्यामुळे बी.एस. करायला आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात ट्यूटर होणे जवळजवळ अशक्य असते. ते सत्र तयारीचे समजावे : कॅल्क्युलस किंवा सामान्य रसायनशास्त्रासारख्या मोठ्या वर्गाच्या विषयात ए मिळवावा आणि प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी त्यांनी राखून ठेवलेल्या वेळांना, अधूनमधून जावे, म्हणजे शिफारस मागताना ‘आपण कोण’ इथून सुरुवात करावी लागत नाही.

एम.एस. विद्यार्थ्यांची अडचण निराळी आहे. त्यांनी कॅल्क्युलस पुणे, मुंबई किंवा नागपूरच्या महाविद्यालयात केलेले असते आणि केंद्राच्या यादीतील विषयक्रमांक त्यांच्या गुणपत्रिकेत नसतो. अशा वेळी अर्ज करण्याआधी केंद्राला ईमेल पाठवून, भारतातील विद्यापीठाची गुणपत्रिका आणि त्या विषयाचा अभ्यासक्रम ग्राह्य धरला जाईल का, असे विचारावे. काही केंद्रे मान्य करतात, काही छोटी चाचणी घेतात, काही स्पष्ट नकार देतात. संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग या विषयांना मागणी मोठी असल्यामुळे तिथे दार उघडण्याची शक्यता अधिक असते. विद्यापीठातील एखादा विभाग गृहपाठ तपासण्यासाठी ग्रेडर नेमत असेल तर तेही पाहावे, पण ती वेगळी नोकरी आहे आणि केंद्राचा तिच्याशी संबंध नसतो.

यादीतला कमी लोकप्रिय विषयही दुर्लक्षू नये. कॅल्क्युलसच्या एका जागेसाठी पुष्कळ अर्ज येतात. ऑरगॅनिक केमिस्ट्री, अकाउंटिंग किंवा फिजिक्सच्या दुसऱ्या सत्राच्या विषयासाठी व्यवस्थापक स्वतः माणसे शोधत फिरत असतात.

अर्ज आणि मुलाखत

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठीची निवड पुष्कळ ठिकाणी आदल्या मार्च-एप्रिलमध्ये होते आणि जानेवारीच्या सत्रासाठीची नोव्हेंबरमध्ये. सत्र सुरू झाल्यावर अर्ज करणाऱ्याला उरलेल्या जागा मिळतात. जाहिरात विद्यापीठाच्या नोकरीच्या पोर्टलवर किंवा हँडशेक या संकेतस्थळावर येते. तिच्यात ‘फक्त वर्क-स्टडी’ असे लिहिले असेल तर वेळ घालवू नये. फेडरल वर्क-स्टडी ही अमेरिकी केंद्र सरकारची आर्थिक मदत आहे आणि एफ-१ विद्यार्थी तिला पात्र नसतात.

अर्जाबरोबर एका पानाचा रेझ्युमे, छोटे पत्र आणि गुणपत्रिकेची अनधिकृत प्रत मागतात. रेझ्युमेवर छायाचित्र, जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती यांपैकी काहीही लिहू नये. पत्राची सुरुवात ‘आदरणीय महोदय’ या थाटाच्या इंग्रजी मायन्याने न करता व्यवस्थापकाच्या नावाने करावी आणि आपण किती हुशार आहोत हे सांगण्यापेक्षा कोणाला, काय आणि कसे समजावले होते याचा एक प्रसंग चार ओळींत लिहावा. गावाकडच्या चुलत बहिणीला अपूर्णांक शिकवल्याचा प्रसंगही चालतो, फक्त त्यात तिला नेमके कुठे अडत होते आणि ते आपल्याला कसे कळले, हे आले पाहिजे. जेईईचा क्रमांक तिथे कोणाला फारसा उलगडत नाही.

मुलाखतीत बहुधा एक नमुना सत्र असते. मुलाखत घेणारा स्वतः विद्यार्थी होतो, मुद्दाम चूक करतो, मुद्दाम गप्प बसतो किंवा ‘मला फक्त उत्तर सांग, दहा मिनिटांत सबमिट करायचे आहे’ असे म्हणतो. आपल्याकडचा उमेदवार इथे पटकन खडू हातात घेतो, गणित पूर्ण सोडवून दाखवतो आणि काम फत्ते झाले असे समजून बसतो. निवड समितीच्या कागदावर त्याच वेळी फुली पडते. तिला पाहायचे असते की उमेदवार प्रश्न विचारतो का, विद्यार्थ्याच्या हातात पेन राहू देतो का, आणि स्वतःला एखादी गोष्ट येत नसेल तर तसे सरळ सांगून पुस्तकात शोधतो का. शेवटच्या मुद्द्याबद्दल पुष्कळांना शंका वाटते, म्हणून स्पष्ट सांगतो : ‘हे मला आत्ता आठवत नाही, आपण मिळून पाहू’ असे म्हटल्याने जागा जात नाही, ठोकून दिल्याने जाते.

रुजू होताना लागणारी कागदपत्रे

नोकरीचे पत्र हातात आले की पुढची पायरी सोशल सिक्युरिटी क्रमांकाची, म्हणजे वेतन आणि करासाठी लागणाऱ्या सरकारी ओळख क्रमांकाची. एफ-१ विद्यार्थ्याला हा क्रमांक नोकरी असल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी दोन पत्रे लागतात, एक केंद्राचे आणि एक आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकाऱ्याचे. ही दोन्ही पत्रे, मूळ पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने दिलेले पात्रतापत्र) आणि आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) यांची छापील प्रत घेऊन सोशल सिक्युरिटी कार्यालयात जावे. अर्जाला शुल्क नसते, त्यामुळे क्रमांक मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. देशात आल्यावर साधारण १० दिवस थांबून आणि परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सेव्हिस या सरकारी प्रणालीत नोंदणी झाल्याची खात्री करून मगच जावे, नाहीतर पडताळणी होत नाही आणि अर्ज अडकतो. नोकरी सुरू होण्यास ३० दिवसांपेक्षा जास्त अवकाश असेल तरीही अर्ज घेतला जात नाही. क्रमांक येईपर्यंत काम सुरू करता येते, पण विद्यापीठाच्या वेतन विभागाची स्वतःची पद्धत काय आहे हे विचारून घ्यावे.

दुसरा कागद आय-९. कामाची पात्रता सिद्ध करणाऱ्या या फॉर्मचा पहिला भाग विद्यार्थ्याने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा असतो आणि मालकाने, म्हणजे विद्यापीठाने, काम सुरू झाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत मूळ कागदपत्रे पाहून दुसरा भाग पूर्ण करायचा असतो. पासपोर्टची मोबाइलमधली प्रत इथे चालत नाही.

तिसरा डब्ल्यू-४, म्हणजे पगारातून किती प्राप्तिकर कापायचा हे सांगणारा फॉर्म. अनिवासी, म्हणजे करापुरते अमेरिकेचे रहिवासी न गणल्या जाणाऱ्या, परदेशी विद्यार्थ्यांसाठी तो भरण्याच्या सूचना वेगळ्या आहेत आणि त्यावर ‘अनिवासी’ अशी नोंद करावी लागते. अमेरिकी मित्राचा फॉर्म पाहून आपला भरू नये.

प्रशिक्षण

कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन ही संस्था ट्यूटर-प्रशिक्षणाच्या कार्यक्रमांना प्रमाणित करते आणि ‘सीआरएलए’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्या प्रमाणपत्राचे तीन स्तर आहेत. पहिल्या स्तरासाठी किमान १० तासांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष २५ तासांचे ट्यूटरिंग पूर्ण करावे लागते. आपले केंद्र या कार्यक्रमात आहे का हे सुरुवातीलाच विचारावे. प्रशिक्षणाच्या तासांचा पगार मिळतो आणि काही ठिकाणी स्तर वाढला की ताशी दरही थोडा वाढतो.

प्रत्यक्ष सत्र

येथून पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण नोकरी मिळाल्यावर ती नीट करता न येण्याचे कारण बहुतेक वेळा इथेच असते.

सत्राची सुरुवात उद्दिष्ट ठरवण्यापासून करावी. विद्यार्थी येऊन ‘मला चेन रूल कळत नाही’ असे म्हणतो. हे वाक्य जसेच्या तसे स्वीकारून चेन रूल पहिल्यापासून समजावू लागणे ही पहिली चूक. त्याऐवजी त्याने केलेला एक प्रयत्न दाखवायला सांगावा. समजा त्याच्या वहीत साइन ऑफ एक्स स्क्वेअरचे डेरिव्हेटिव्ह ‘कॉस ऑफ टू एक्स’ असे लिहिलेले आहे. आता ट्यूटरला चूक दिसली आहे आणि ती सांगण्यासाठी त्याची जीभ शिवशिवत आहे. इथे थांबावे. ‘बाहेरचे फंक्शन कोणते आणि आतले कोणते?’ असे विचारावे आणि गप्प राहावे. विद्यार्थी म्हणतो, बाहेर साइन, आत एक्स स्क्वेअर. ‘बाहेरच्याचे डेरिव्हेटिव्ह घेताना आतल्याला हात लावायचा का?’ पुन्हा शांतता. तो कॉस लिहितो, कंसात आधी टू एक्स लिहायला जातो, थांबतो, खोडतो आणि एक्स स्क्वेअर लिहितो. ‘मग आतल्याचे डेरिव्हेटिव्ह कुठे गेले?’ एवढ्या तिसऱ्या प्रश्नावर टू एक्स गुणिले कॉस ऑफ एक्स स्क्वेअर हे उत्तर त्याच्याच हातून कागदावर येते. हे सगळे ट्यूटरने स्वतः सांगितले असते तर अर्ध्या मिनिटात संपले असते, आणि पुढच्या उदाहरणात साइनच्या जागी ई आला की विद्यार्थी पुन्हा तिथेच अडला असता. म्हणून लगेच ई-चे उदाहरण द्यावे आणि या वेळी एकही प्रश्न न विचारता त्याला करू द्यावे. जाण्यापूर्वी त्यानेच आपल्याला नियम शब्दांत सांगावा.

मधल्या शांततेची सवय करावी लागते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातील प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात आणि ही वेळ तीन सेकंदांवर नेली की विद्यार्थ्यांची उत्तरे अधिक लांब आणि अधिक विचारपूर्वक येतात, असे त्यांना आढळले. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. टेबलाच्या पलीकडे कोणी कोऱ्या चेहऱ्याने बसलेले असताना ते फार मोठे होतात. आपल्या क्लासमध्ये सर प्रश्न विचारतात, पहिल्या बाकावरून उत्तर येते आणि फळा पुढे सरकतो. ट्यूटरिंगच्या टेबलावर पहिला बाक नसतो, तेव्हा वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

भाषेच्या काही सवयींनी प्रत्यक्ष गणितच बिघडते, म्हणून त्यांची नोंद करून ठेवावी. आपण ‘फाइव्ह इन्टू थ्री’ म्हणतो तेव्हा गुणाकार अभिप्रेत असतो, पण अमेरिकी विद्यार्थ्याला त्यातून भागाकार ऐकू येतो. तिथे ‘टाइम्स’ म्हणावे. ‘एक्स बाय टू’ ऐवजी ‘एक्स ओव्हर टू’ म्हणावे, ‘मॉड एक्स’ ऐवजी ‘ॲब्सोल्यूट व्हॅल्यू ऑफ एक्स’ म्हणावे, आणि ‘लॉग’ म्हणताना पाया १० आहे की ई आहे हे प्रत्येक वेळी स्पष्ट करावे, कारण तिथल्या प्राथमिक अभ्यासक्रमात नुसत्या लॉगचा पाया १० धरतात आणि नैसर्गिक लॉगसाठी एलएन वापरतात. उच्चार बदलण्याची गरज नसते, वेग कमी करण्याची असते. संज्ञा बोलताबोलता कागदावर लिहिली की निम्म्या अडचणी सुटतात.

रायटिंग सेंटरमध्ये हेच तत्त्व आणखी कडक पाळले जाते. विद्यार्थी निबंध पुढे सरकवून ‘व्याकरण तपासून दे’ म्हणतो, पण निबंध दुरुस्त करून देणे हे कन्सल्टंटचे काम नाही. आधी मुद्दा काय आहे आणि परिच्छेदांचा क्रम तो मुद्दा पुढे नेतो का, हे पाहायचे. व्याकरणात जी चूक वारंवार होते तेवढी एक-दोन ठिकाणी दाखवून उरलेल्या जागा त्यालाच शोधायला लावायच्या. संदर्भ देण्याच्या एमएलए आणि एपीए पद्धतींसाठी पर्ड्यू विद्यापीठाची ऑनलाइन रायटिंग लॅब बहुतेक सगळे वापरतात. प्रश्न आला की ती दोघांनी मिळून उघडावी.

काही सत्रे बिघडतात, हेही गृहीत धरावे. विद्यार्थी व्याख्यानांना गेलाच नसेल तर एका तासात पाच आठवड्यांचा अभ्यास होणार नाही, हे त्याला सौम्यपणे सांगावे आणि उद्याच्या परीक्षेसाठी कोणते दोन धडे धरायचे एवढेच ठरवावे. कोणी रडू लागले तर गणित बाजूला ठेवावे, पण समुपदेशक बनू नये. समुपदेशन केंद्राचा क्रमांक कुठे लावला आहे हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

मर्यादा कुठे आहेत

श्रेणीसाठी मोजल्या जाणाऱ्या गृहपाठाला हात लावावा की नाही, हा प्रश्न रोज येतो. सर्वसाधारण पद्धत अशी की तसाच दुसरा प्रश्न घेऊन तो सोडवायला मदत करावी आणि मूळ प्रश्न विद्यार्थ्याने नंतर स्वतः सोडवावा. घरी नेऊन लिहायच्या परीक्षेत प्राध्यापकांची लेखी परवानगी असल्याशिवाय कोणतीही मदत करू नये. शंका आली तर विद्यार्थ्यासमोरच व्यवस्थापकाला विचारावे. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींची गोपनीयता राखणारा ‘फेर्पा’ हा १९७४ चा अमेरिकी कायदा आहे आणि ट्यूटर हा विद्यापीठाचा कर्मचारी असल्यामुळे तो त्यालाही बांधतो. कोणता विद्यार्थी केंद्रात येतो, त्याला किती गुण पडले, त्याला परीक्षेत जादा वेळ मिळतो का, यातले काहीही खोलीतील मित्रांना सांगू नये. आपल्याकडे गुण विचारणे आणि सांगणे इतके सहज घडते की हा नियम सर्वांत आधी इथेच मोडतो. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आज आपल्यातला अमका आला होता’ असे गमतीने लिहिणेही त्यात आले. सत्रानंतर प्रणालीत जी नोंद करायची असते ती तथ्यांपुरती ठेवावी : कोणता धडा घेतला, काय उरले. ‘आळशी आहे’ असे शेरे लिहू नयेत.

पगार आणि कर

ताशी दर राज्याप्रमाणे बराच बदलतो. संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे, पण अनेक राज्यांचे स्वतःचे किमान वेतन त्याहून बरेच जास्त आहे. ताशी १५ डॉलर धरले आणि आठवड्याला १० तास काम मिळाले, तर १५ आठवड्यांच्या सत्रात २,२५० डॉलर होतात. त्यात किराणा आणि फोनचे बिल भागते. शुल्क भागत नाही. या नोकरीच्या भरवशावर शिक्षणाचे अंदाजपत्रक मांडू नये.

पहिली वेतनपावती काळजीपूर्वक पाहावी. अनिवासी गणल्या जाणाऱ्या एफ-१ विद्यार्थ्याच्या वेतनातून सोशल सिक्युरिटी या निवृत्तिवेतन योजनेचे ६.२ टक्के आणि मेडिकेअर या आरोग्यविमा योजनेचे १.४५ टक्के कापायचे नसतात. ही सूट साधारणपणे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांपर्यंत असते. कपात दिसली तर लगेच वेतन विभागाला कळवावे. प्राप्तिकर मात्र लागू होतो. भारत आणि अमेरिका यांच्यातील कर-करारातील २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट (करपात्र उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम) घेता येते, जी अन्य बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना मिळत नाही. २०२४ या करवर्षासाठी अविवाहित व्यक्तीची ही वजावट १४,६०० डॉलर होती, म्हणजे वर्षभर फक्त ट्यूटरिंगचे उत्पन्न असेल तर केंद्रीय कर बहुधा शून्यावर येतो आणि कापलेली रक्कम परत मागता येते. विवरणपत्र अनिवासींसाठीच्या १०४०-एनआर या फॉर्मवर, अमेरिकेतील वास्तव्याची माहिती देणाऱ्या ८८४३ या फॉर्मसह, १५ एप्रिलपर्यंत भरायचे असते. अमेरिकी नागरिकांसाठीची नेहमीची मोफत सॉफ्टवेअर अनिवासींसाठी चालतातच असे नाही. पुष्कळ विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळे सॉफ्टवेअर उपलब्ध करून देतात, त्याची चौकशी फेब्रुवारीतच करावी.

सत्राच्या मध्यावर आणि नोकरी सोडताना

ऑक्टोबरच्या मध्यसत्र परीक्षा आणि डिसेंबरच्या अंतिम परीक्षा यांच्या आदल्या आठवड्यात केंद्रात उभे राहायला जागा नसते, आणि ट्यूटरच्या स्वतःच्या परीक्षाही त्याच दिवसांत असतात. आपल्या परीक्षांच्या तारखा सत्राच्या पहिल्या आठवड्यातच व्यवस्थापकाला लेखी द्याव्यात. ऐन वेळी मागितलेली सुट्टी मिळाली तरी लक्षात राहते.

आय-२० वर लिहिलेली अभ्यासक्रम संपण्याची तारीख हीच कॅम्पसवरील कामाचीही शेवटची तारीख असते. त्यानंतरचे ६० दिवस देशात राहण्यासाठी असतात, काम करण्यासाठी नसतात, आणि ट्यूटर कमी असल्यामुळे व्यवस्थापकाने आग्रह केला तरी त्या काळात टेबलावर बसू नये. पुढे ओपीटीवर, म्हणजे एफ-१ विद्यार्थ्याला आपल्या विषयात ठरावीक मुदतीपुरते काम करण्याच्या परवानगीवर, नोकरी करण्याचा विचार असेल तर एवढे लक्षात ठेवावे की कॅम्पसवर केलेल्या या कामाचे महिने ओपीटीच्या मुदतीतून वजा होत नाहीत. शिफारसपत्र निघण्याआधीच मागावे आणि व्यवस्थापकाला आपण कोणते विषय घेतले, किती सत्रे घेतली आणि कोणता प्रशिक्षण-स्तर पूर्ण केला याची टिपणी द्यावी, म्हणजे पत्र मोघम होत नाही. वेतन विभागाकडे नवा पत्ता नोंदवावा किंवा डब्ल्यू-२ ऑनलाइन मिळण्याची सोय चालू करावी, कारण हा वार्षिक वेतनाचा दाखला पुढच्या जानेवारीअखेर पाठवला जातो आणि तोपर्यंत विद्यापीठाचा ईमेल बंद झालेला असू शकतो.